जुना पार्ट हातात द्या

मास्टरबाईंच्या दुकानात शिवायला टाकलेल्या कापडाची चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत मिळते. पडदे असोत, उशांचे अभ्रे असोत की इस्पितळाचे गाऊन, उरलेले तुकडे पिशवीत घालून, वर गाठ मारून हातात. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या हो, मी काय करू त्याचं?" बाई म्हणतात, "जाळा. पण तुमच्या घरी जाळा. माझ्याकडे राहिलं तर उद्या तुम्हीच म्हणाल, बाईने मापात मारलं."

या धंद्यात असं कोणी करत नाही. दुसऱ्याच्या पडद्यातून शिंप्याच्या घरातल्या उशा निघतात हे जगजाहीर आहे आणि जगानं ते सोडूनही दिलंय. बाईंनी नाही सोडलं. मग त्यांनी गाडी घेतली आणि हाच नियम गॅरेजला लावला. पुढची सगळी भानगड तिथून.

गाडी पांढरी, लांब डिकीची, तीन मालकांनी आधीच पिळून घेतलेली. विकणारा म्हणाला होता, "बाई, लोणी आहे लोणी." ते खरंच निघालं. ऊन लागलं की वितळायची.

पण बाईंना गाडी मिरवायला नको होती. कापडाचे तागे आणायचे आणि शिवलेला माल इस्पितळात पोचवायचा, तर टेम्पोवाल्याच्या मागे फिरावं लागे. तो दहाला सांगून दुपारी उगवायचा, आणि इस्पितळाचा स्टोअरकीपर तोंड वाकडं करून म्हणायचा, "उशीर झाला, आता उद्या या." टेम्पोवाल्याचं पोट भरलेलं, स्टोअरकीपरचं पोट भरलेलं, आणि उन्हात गाऊनच्या गठ्ठ्यावर बसलेली बाई मात्र दोघांना "दादा, भाऊ" करणार! एके दिवशी डोकं सटकलं. साठवलेलं सगळं काढलं आणि गाडी दारात आणून उभी केली. त्या दिवसापासून मास्टरबाई कोणाला भाऊ म्हणाल्या नाहीत. एक सख्खा होता तेवढा पुरे.

गाडीनं पहिल्याच महिन्यात क्लच प्लेट मागितली. बाई खर्च पैशात मोजत नसत, शिलाईत मोजत. क्लच प्लेट म्हणजे इस्पितळाच्या एका मजल्याचे पडदे. मग खड्ड्यात चाक गेलं की खालून कोणी दार ठोठावल्यासारखा आवाज येऊ लागला. ते पुढचे शॉकअप आणि त्यांचे बुश, म्हणजे एक ढीग अभ्रे. बॅटरी म्हणजे नर्सबायांचे गणवेश, बाह्यांसकट. एसी बंद पडला तेव्हा कॉम्प्रेसरचा भाव ऐकून त्या म्हणाल्या, "खिडक्या उघडतात ना? बास." पुढच्याच आठवड्यात मागच्या दोन्ही खिडक्यांच्या मोटारी गेल्या, काचा वर असताना.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटायचा, म्हणून डॉक्टर. डोळे उघडले की एकच वाक्य, "अंदाज असा आहे की..."

"अंदाज?" बाई कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या. "अंदाजानं मी तुझी पँट शिवली तर ती घालून चालशील का?"

"बाई, जुन्या गाडीचं तसंच असतं. एकेक पार्ट बदलत जायचं, कुठे तरी आवाज थांबतो."

"बदल. पण जुना पार्ट हातात दे."

"भंगार घेऊन काय करणार?"

"ते माझं भंगार आहे."

डॉक्टर कोणाचाही सडका पार्ट आणून देईल, म्हणून गाडी टाकण्याआधी बाई बॉनेट उघडून आतल्या एकेका वस्तूवर शिंप्याच्या खडूनं आपली खूण करायच्या. पार्ट हातात आला की खूण बघायच्या आणि दोरा बांधायच्या. खरंच मेलेल्या पार्टला लाल, आणि डॉक्टरनं अंदाजानं मारलाय असा संशय असलेल्याला पिवळा. मग सगळं डिकीतल्या गोणीत. घरात जागा नव्हती, शिवाय पुरावा हाताशी हवा. एका गोणीच्या दोन गोण्या कधी झाल्या ते कळलंसुद्धा नाही. डिकीत वर स्वच्छ चादर अंथरलेली असे, त्यावर माल. खाली पुरावा.

बाईंचा मोठा भाऊ, दादा, म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर सरकारी बस हाकून आता सोफ्यावरून जगाला साइड देत असे. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की हा खिडकीतून ओरडायचा, "आली बघा वरात!" आणि मग पार्टांची नावं घेऊन आवाज ओळखायचा. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचा, हा त्यातला खरा संताप.

आईला तिच्या धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. मावशी घाटापलीकडे राहायची. दोघी फोनवर रोज भांडायच्या, पण आईच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवेना, म्हणून वर्षानुवर्षं तोंडं पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, "आई, मी नेते तुला. आपल्या गाडीनं."

दादा सोफ्यावर उठून बसला. "त्या डब्यानं? घाट? अगं, तो घाट चढताना माझी बस धापा टाकायची."

"तुझी बस तुझ्यामुळे धापा टाकायची."

"टॅक्सी करू. आईला मध्येच रस्त्यात उन्हात बसवशील."

"बसवणार नाही."

"गाडी थांबली तर?"

बाईंचा पारा चढला की जीभ आधी धावते, बाई मागून पोचतात. त्या म्हणाल्या, "वाटेत एकदा जरी बंद पडून थांबली ना, चावी तुझ्या हातात. वीक भंगारात!"

"बघ हं. आई, ऐकलंस?"

"ऐकलं," आई म्हणाली. "स्वेटर घेऊ का गं बरोबर?"

शब्द गेला. रात्री अंथरुणावर टेम्पोवाल्याचा चेहरा बाईंच्या डोळ्यांपुढे आला. गाडी गेली की पुन्हा तोच, आणि पुन्हा "दादा, भाऊ." बाईंनी कूस बदलली.

रविवारी सकाळी निघाले. आई मागे, दादा पुढे बाईंच्या शेजारी, हाताची घडी घालून, परीक्षेला बसलेल्या पोरावर नजर ठेवणाऱ्या मास्तरासारखा. सपाट रस्त्याला गाडी अशी पळाली की बाईंनी गुणगुणायला सुरुवात केली. घाट लागला आणि पुढे सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक आला. ट्रक कसला, डोंगरच डोंगरावर चढत होता. ओव्हरटेकला जागा नाही. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडू लागली आणि तापमानाचा काटा हलला.

बाईंनी कान दिला. इंजिन असं तापायला लागलं की पुढचा पंखा घुर्रर्र करून सुरू होतो. आज घुर्रर्र नव्हतं. मागच्याच महिन्यात डॉक्टरनं त्या पंख्याची मोटार बदलून चांगले दोन वॉर्डांचे पडदे खिशात घातले होते!

काटा मध्यावरून वर सरकला. दादानं तोंड खिडकीकडे वळवलं, पण डोळे काट्यावर.

एवढ्या गाडीत एकच गोष्ट कधी बिघडली नव्हती, ती म्हणजे हिटर. बिघडणार कशी, या उकाड्यात तो लावतो कोण? पण डॉक्टरनंच एकदा सांगितलं होतं, अडचणीत हिटर पूर्ण सोडायचा; इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. बाईंनी हळूच हात नेला आणि कळ शेवटपर्यंत फिरवली.

भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. काटा थबकला.

दादा हळूच म्हणाला, "हे काय लावलंस?"

"आईच्या गुडघ्यांना शेक."

दादानं बाईंकडे पाहिलं. सगळी हयात या घाटात घालवलेल्या माणसाला काय कळायचं ते कळलं होतं. पण त्यालाही अट होती: थांबवायला मी सांगितलं, असं व्हायला नको. थांबवायची तर हिनं थांबवावी. त्यानं वरचं बटण काढलं. "छान आहे शेक."

"उकडतंय का?"

"छे! थंडच वाटतंय जरा."

"वाढवू?"

"वाढतो का अजून?"

घामाच्या धारा लागल्या. बाईंच्या डोळ्यांत घाम, दादाच्या मिशीतून घाम, स्टिअरिंग ओलं. मागच्या काचा वर अडकलेल्या, पुढच्यांमधून ट्रकचा धूर, म्हणून त्याही लावून घ्याव्या लागलेल्या. एका वळणावर ट्रक उभाच राहिला. मागे गाडी उभी.

"थांबली!" दादा उसळला.

"ट्रक थांबला. माझं इंजिन चालू आहे. कान आहेत ना?"

"थांबली म्हणजे थांबली."

"सिग्नलला तुझी बस थांबायची तेव्हा ती भंगारात द्यायचास का रे? बंद पडून थांबली तर, असं म्हटलंय मी. आई, सांग याला."

आई मागे डोळे मिटून, पाय पसरून बसली होती. चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान. "भांडू नका रे. किती बरं वाटतंय मला. या गाडीत इतकी चांगली सोय आहे आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाही!"

ट्रक हलला. काटा लाल रेघेला टेकून, जिभेनं चव घ्यावी तसा, परत येत होता. दादानं रुमाल पिळला, अक्षरशः पिळला, आणि पुन्हा कपाळावर ठेवला. घाटमाथा आला, उतार लागला, वारा लागला, काटा खाली आला. कोणीही हिटर बंद केला नाही. आधी कोण करणार हा प्रश्न होता. मावशीच्या दारापर्यंत भट्टी तशीच धगधगत राहिली.

मावशी ओट्यावरच उभी होती. आई गाडीतून उतरली आणि बाईंचा हात न धरता दोन पायऱ्या चढली. वर पोचल्यावर बहिणीला म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं!" आणि दोघी रडायला लागल्या.

इकडे दादा आईची बॅग काढायला डिकीपाशी गेला. बॅग उचलताना चादर सरकली. गोणीचं तोंड उघडं. तो वाकला. आधी एक शॉकअप बाहेर आला. मग दुसरा. क्लच प्लेट. स्टार्टर. बुशांची माळ. दादा काढत गेला आणि रस्त्यावर मांडत गेला.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. तो गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसला. "अगं, तू दोन गाड्या चढवल्यास घाट! एक चालू आणि एक डिकीत! ती बिचारी तापणार नाही तर काय करणार?"

"हसू नकोस. तो पुरावा आहे."

"कोणत्या कोर्टात लावणार हा पुरावा?"

बाई भडकल्या होत्या, पण घाम पुसता पुसता त्यांनाही हसू फुटायला लागलं. ते दिसू नये म्हणून त्या अधिक भडकल्या. "चावी मिळणार नाही. बंद पडली नाही."

"नाही पडली," दादा म्हणाला. एवढं कबूल करताना त्यानं आकाशाकडे पाहिलं. "पण उद्या परत कशी नेणार? गावातून बाहेर पडेपर्यंतच उकळेल. आणि आज एक गॅरेज उघडं नाही."

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर त्यानं बाह्या सरसावल्या, पंख्याची मोटार काढली आणि दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या. मोटार ढिम्म. डॉक्टरचा नवा कोरा माल ठार मेलेला.

बाई गोणीपाशी गेल्या. हात घातला, दोरे चाचपले. पिवळा दोरा बांधलेली, वर पांढऱ्या खडूची खूण असलेली जुनी मोटार बाहेर काढली. "ही लावून बघ."

"ही जळालेली असेल."

"तुला कोणी सांगितलं? डॉक्टरनं? त्याचा अंदाज होता."

दादानं वायरी टेकवल्या. घुर्रर्र! मोटार त्याच्या हातातून निसटायला बघू लागली.

मग दादानं पंख्याच्या वायरीचा सांधा चिमटीत धरून हलवला. "बघ, सैल आहे. एवढंच होतं. तुझ्या डॉक्टरनं पार्ट बदलला, सांधा दाबून बसवला, पंखा फिरला. दाबून नुसता बसवला असता तरी फिरला असता." त्यानं सांधा आवळून बांधला. "दोन वॉर्डांचे पडदे गेले म्हणालीस ना?"

"गेले नाहीत. उद्या पोचले की वसूल होतील. ही मेलेली मोटार त्याच्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, हे तुझं उरलेलं कापड, घे. माझी शिलाई टाक."

"मी येतो बरोबर," दादा म्हणाला. "मला बघायचंय."

सकाळी निघताना त्यानं रस्त्यावरचा एकेक पार्ट उचलून दोऱ्याच्या रंगाप्रमाणे गोण्यांत भरला, लाल एकीत, पिवळे एकीत. "लाल इथंच टाकू," तो म्हणाला. बाईंनी डोळे वटारले. त्यानं दोन्ही गोण्या डिकीत ठेवल्या आणि चादर नीट अंथरली.

परतीला ट्रक नव्हता, या बाजूचा चढही थोडकाच होता, पंखा गुणी पोरासारखा वेळेवर फिरत होता. पुढच्या काचा उघड्या होत्या, गार वारा येत होता. बाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"अगं, तो कालचा शेक लाव ना. आज गुडघे आखडलेत."

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादानं बाईंकडे पाहिलं.

"लाव," तो म्हणाला, आणि वरचं बटण काढायला लागला.