गारठलेल्या पेशी
हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज इंदिरा नगरच्या रिकाम्या घरात हीटर लावला आणि तारेवर जळणाऱ्या धुळीचा तोच वास आला. आमच्या प्रयोगशाळेत माझी सहकारी द्रावणात वीज सोडल्यावर त्यातल्या रक्तपेशी किती वेगाने सरकतात ते मोजायची. एका हिवाळ्यात रुग्णांच्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा मंद निघाल्या. ती हरखून प्रयोगशाळेच्या साहेबांना म्हणाली, "सर, बघा ना, आजार दिसतोय!" पुन्हा मोजल्यावर फरक उरला नाही. साहेब सगळ्यांसमोर हसले, "मैडम, बीमार सेल थे या आप?" ती नोकरी सोडून गेली. रुग्णांच्या पेशी पहिल्यांदा मोजल्या त्या दिवशी, हात शेकायला, मी पेशींभोवतीचं पाणी कोमट ठेवणाऱ्या यंत्राचा प्लग काढून हीटर लावला होता. गारठ्यात पेशी मंदावतातच. परवा तिला फोन केला. "हॅलो, कोण बोलतंय?" 'माझं चुकलं' म्हणायचं होतं. म्हणालो, "राँग नंबर."