छत्रीवाल्यांची बायको

लग्नाला बरीच वर्षं झाली होती तरी नवऱ्याचं नाव मी तोंडाने उच्चारलं नव्हतं, आणि आता त्याच नवऱ्याला निवडून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

नाव का घ्यायचं नाही, तर सासूबाई म्हणत, त्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मला मेलीला चौकशा फार. मी एकदा विचारलं, किती कमी होतं? एका वेळेला एक दिवस, की एकदम महिना? सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आईने हेच शिकवलं का?" विषय तिथेच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. बदलापुरात आमच्या आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना कशा हाका मारतात, ह्यावर मी लक्ष ठेवून असे. एक खोकायची. एक तान्ह्या मुलाला पुढे धरून "बाबांना म्हणावं, पान वाढलंय" असं सांगायची. मुलाला अजून मानही धरता येत नव्हती. एकीच्या नवऱ्याचं नाव देवाचंच होतं, तर ती आरतीत त्या शब्दापुरती गप्प व्हायची आणि टाळी जोरात वाजवायची. मी स्वतः दाराची कडी वाजवत असे. आमचे हे म्हणायचे, "ह्या घरात मी नवरा आहे की पोस्टमन?"

लग्नात उखाण्यातून नाव घ्यावं लागलं होतं, नाही असं नाही. पण नेमका त्याच वेळी बँडवाल्याने सूर लावला, मी घाबरून नाव गिळलं आणि 'राव' तेवढं बाहेर पडलं. ह्यांची त्याबद्दल कायमची तक्रार. "तू कुठल्या तरी रावाशी लग्न केलंस, एवढंच सिद्ध होतं," म्हणायचे. हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करत, तर मी तोंडात लाडू कोंबून सुटका करून घेई.

हे अंबरनाथला एका कारखान्यात सुपरवायझर होते. राजकारणाशी त्यांचा संबंध पेपर वाचून चिडण्यापुरता. पण एका पावसाळ्यात हे बारवी नदीच्या बाजूला एका वाडीवर तांदळाची मागणी सांगायला गेले. वाटेत ओढा. ओढा तुडुंब भरलेला, आणि पलीकडच्या काठावर एक बाई तापाने फणफणलेलं पोर छातीशी धरून उभी. तिला अलीकडे येता येईना, ह्यांना पलीकडे जाता येईना. पोहता येत नसताना हे मूर्खासारखे पाण्यात उतरले, कमरेपर्यंत गेले, हातातली छत्री ओढ्याने नेली आणि हे कसेबसे काठाला लागले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पोर वाचलं. पण ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "ओढ्यावर एक साकव हवा गं," एवढंच म्हणत राहिले, "माणूस पायी जाईल एवढा लाकडी साकव. जिल्ह्याच्या लोकल बोर्डाला तो जड आहे का?"

त्यानंतर बोर्डाची निवडणूक लागली आणि हे उभे राहिले. साकव करून दाखवायचा, बाकी काही नाही. समोर होता जंगलाचा ठेकेदार. निशाणी निवडायची होती, तर ह्यांनी छत्री घेतली. म्हणाले, "एक ओढ्याने नेली, तिची भरपाई." ठेकेदाराने घोडा घेतला.

घरात भाषणाची तालीम सुरू झाली. हे आरशासमोर उभे राहून "बंधू आणि भगिनींनो" म्हणायचे आणि आरशातून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "मी भगिनी नाही." की हे पुढचं सगळं विसरायचे. आठवडाभर कारखाना आणि रविवारी रेल्वेच्या कडेची गावं, ह्यातच ह्यांचा वेळ जाई. ओढ्यापलीकडची वाडी राहून जात होती, आणि साकव तर तिच्यासाठीच. तेव्हा मीच म्हटलं, मी जाते. खरं सांगायचं तर प्रचारापेक्षा मला ती वाडी बघायची जास्त हौस होती.

कोळसा आणायला जाणाऱ्या बैलगाडीतून गेले. पाठीला इतके हिसके बसले की उतरल्यावर मला पाय कुठले आणि पाठ कुठली ते कळेना. ओढ्यात आता पाणी नव्हतं, नुसते गोटे. वाडीवर बायका भात कांडत होत्या. मी पदर खोचून त्यांच्यात बसले आणि सांगायला लागले, छत्रीला मत द्या. कोण छत्री? आमचे हे. हे म्हणजे कोण? आमच्या घरातले. एकीने विचारलं, "घरातलं मंजी?" मी म्हटलं, छत्रीवाले हो! आणि लाजून हसले. कोणी हसलं नाही. मुसळं खालीवर होत राहिली. एका म्हातारीने मला गूळ-पाणी दिलं, पण देताना असं पाहिलं की मयताला आल्यासारखं वाटलं.

मला त्या गप्प बसण्याचं नवल वाटत राहिलं. मी कुठेही गेले की बायका बोलत्या होतात, हा माझा अनुभव. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू काय बोललीस?" मी सगळं सांगितलं. "म्हणजे नाव सोडून सगळं सांगितलंस," हे म्हणाले आणि पेपर डोळ्यांसमोर धरला. मला राग आला. आयुष्य यांचं वाचवायचं आणि बोलणीही यांचीच खायची!

त्याच आठवड्यात छत्रीचे कापडी झेंडे शिवायला टाकायचे होते. अंबरनाथला उतरून टांग्याने निर्वासितांच्या कॅम्प पाचला गेले. तिथे एका बराकीत एक सिंधी बाई शिवणयंत्र घेऊन बसायची आणि तिचा नवरा शेजारी बसून काजं करायचा. ती हातात काम असताना तोंडही चालवायची, म्हणून मला आवडायची. झेंड्यावर उमेदवाराचं नाव शिवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शिवा. "क्या नाम?" मी कापडाची घडी घालायला लागले. तिने यंत्र थांबवलं.

"तू भी नहीं लेती?" ती म्हणाली. "मैं भी नहीं लेती थी. उधर से इधर आए तो राशन की लाइन में बाबू ने पूछा, घरवाले का नाम? मैं चुप. बोला, नाम नहीं तो राशन नहीं. पीछे बच्चे रो रहे. तो बोल दिया, जोर से."

मी पुढे सरकले. हेच तर मला इतकी वर्षं कळून घ्यायचं होतं. "फिर? फिर क्या हुआ?"

"क्या होना था?" तिने दोरा दाताने तोडला. "राशन मिला."

मी तिच्या नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. चांगला धडधाकट होता. चष्माही नव्हता. झेंड्यांवर मात्र नुसती छत्रीच शिवून घेतली, कारण मनाला पटलेलं सगळं लगेच तोंडावर येत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी झेंडे घेऊन पुन्हा वाडीवर गेले. ह्या वेळी म्हातारीने मला बाजूला घेतलं. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "बाय, तू चांगली हायस. पर तुज्या दादल्याला आमी मत नाय देनार."

"का हो आजी?"

"रानात आमच्या पोरींना आयमायवरून शिव्या देतो. मजुरी कापतो. तो बोंबलत फिरतो न् मुकादम त्याच्या डोक्यावर काली छत्री धरून मागनं धावतो." तिने माझ्याकडे कळवळून पाहिलं. "तुला पन मारतो काय गो?"

मला आधी कळेना. मग डोक्यात एकदम उजेड पडला. ठेकेदाराचा मुकादम वाडीवर येऊन गेला होता, हे गाडीवानाने वाटेत सांगितलं होतं, पण ठेकेदाराचं नाव काढलं तर एकही मत मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो नुसता "घोड्याच्या पेटीत टाका" एवढंच सांगून गेला होता. आणि मी छत्री, छत्री म्हणून गळा काढला होता. ह्या बायकांच्या माहितीत रानात छत्रीखाली चालणारा एकच माणूस होता. ह्या सगळ्या मला ठेकेदाराची बायको समजत होत्या! त्या ढेरपोट्याची!

हसू आलं, आणि लगेच असा संताप आला की मी उभीच राहिले. "तो माझा नवरा नाही!" मी ओरडले. मुसळं थांबली. "तो घोडा आहे! छत्री आमची!"

"मंग तुजा कोन?" म्हातारी म्हणाली.

पुन्हा तोच प्रश्न. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एकीने सरळ सांगितलं, "खरी हायस तर नाव घे."

सासूबाई आठवल्या. खरं सांगते, विश्वास नाही म्हणता म्हणता माझा त्या गोष्टीवर अर्धा विश्वास होता. मग काजं करत बसलेला तो धडधाकट माणूस आठवला. आणि तो ओढा तर समोरच होता. मी डोळे मिटले आणि सुचलं तसं म्हटलं:

"ठेकेदाराची छत्री काळी, आमची नुसती कागदावर,
………रावांचं नाव घेते, तुमच्या साकवाच्या वायद्यावर!"

मोकळ्या जागेतलं नाव मी ह्या वेळी गिळलं नाही, चांगलं ठणठणीत घेतलं. डोळे उघडले तर म्हातारी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ह्यो कोन?"

एवढा जीव टांगणीला लावून नाव घेतलं, आणि वाडीत ते कोणाला ठाऊकच नव्हतं! मी खालीच बसले. म्हटलं, अहो, गेल्या पावसात पलीकडच्या काठाला एक माणूस पाण्यात उतरला होता, पोहता येत नसताना...

"छत्री व्हावून गेली त्यो?" मागून एक तरुण बाई म्हणाली. तिच्या कडेवर एक गुटगुटीत पोर होतं. "त्यो तुजा? बाय, मंग आदी नाय का सांगायचं!"

अशी हसली वाडी, अशी हसली, की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. निघताना म्हातारीने पदरात करवंदं घातली.

गाडीवानाने सगळं ऐकलं होतं आणि ते त्याने ह्यांना आमच्याच दारात, माझ्यासमोर, साभिनय सांगितलं. हे जेवून उठले. हात धुताना म्हणाले, "सगळ्या वाडीने ऐकलं. मी सोडून."

"निवडून या," मी म्हटलं, "मग ऐकवते. उखाण्याबिखाण्याशिवाय."

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर निशाणीचं चित्र. पडद्याआड जाऊन कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. मी छत्रीत टाकला, आणि घोड्याच्या पेटीत किती कागद पडलेत ते दिसतंय का म्हणून फटीला डोळा लावला. पडद्याबाहेर साहेब खाकरले. सरकारी माणूसही बायकांसारखाच खाकरतो, ही माझ्या माहितीत भर पडली.

मोजणी ठाण्याला होती. हे संध्याकाळच्या गाडीने परत आले ते पाय ओढतच. वाडीच्या केंद्रावर छत्रीच छत्री निघाली होती म्हणे. मोजणारेही चकित झाले. बाकी सगळीकडे घोडा सुटला होता. सासूबाईंनी देवाजवळ ठेवलेली साखरेची वाटी मुकाट्याने उचलून आत नेली. हे ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली. "त्या बायकांना आता काय तोंड दाखवायचं?" एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. माणूस हरला म्हणून नाही. ओढा पुन्हा भरणार होता, म्हणून.

बोली तर निवडून आल्यावरची होती. मी कडी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. जवळ जाऊन मी ह्यांना हाक मारली. राव नाही, अहो नाही, नुसतं नाव.

हे दचकले, डोळे पुसले, आणि कोण आलंय म्हणून दाराकडे बघायला लागले.