बेटावरची कातरणी

तिला सगळे डावरी म्हणत. खरं नाव कागदांपुरतं उरलं होतं. कातर डाव्या हातात धरायची म्हणून डावरी. तिने मेंढी गुडघ्यांत धरून बसवली की अख्खी लोकर एका तुकड्यात उतरायची. जमिनीवर पसरली तर वाटावं, मेंढी आत्ताच इथून उठून गेलीय. मेंढपाळ गमतीने म्हणत, "बाई, कातडं तेवढं आमच्यासाठी ठेव."

त्या वर्षी थंडी हटायचं नाव घेत नव्हती. डावरी आणि तिचा धाकटा दीर, दोघांनी मिळूनच ठरवलं होतं की कातरणी जरा लांबवू. दीर मेंढपाळ. त्याचा कळप नदीतल्या बेटावर चरायचा. घोटाभर पाण्यातून वाट होती. शेवटी एका सकाळी चांगलं ऊन पडलं, आणि चार मेंढ्या कातरून बघू म्हणून डावरी कातर घेऊन त्याच्याबरोबर बेटावर गेली. मेंढ्यांच्या अंगावर लोकर इतकी दाट झाली होती की पाय दिसेनात.

पहिली मेंढी धरायच्या आतच वरच्या धरणाचा भोंगा वाजला.

भोंगा म्हणजे पाणी सोडलं. दीर कळपाच्या मागे धावला, पण मेंढ्या पार पलीकडच्या टोकाला पांगल्या होत्या. त्या गोळा करून आणेपर्यंत वाट दिसेनाशी झाली. मधल्या पाण्याला ओढ आली होती. त्याची बायको, डावरीची जाऊ, काठावर धावत आली. तिने दोराला दगड बांधून पलीकडून फेकला. दिराने तो बाभळीला बांधला, तिने तिकडच्या झाडाला.

"आधी एक घालून बघतो," दीर म्हणाला. त्याने एक तरणी मेंढी पाण्यात लोटली. ती पोहायला लागली, पण लोकर पाणी पीत गेली. मागचा भाग खाली गेला, मग पाठ, मग नुसतं तोंड उरलं. दोराला धरून दिराने हात लांबवला, बोटांत लोकरीचा झुबका आला तेवढाच. पुढच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

दीर परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वहिनी, संपलं सगळं."

डावरीने कातर उचलली. "धरा एकेक. पोट, काखा आणि मान मोकळी करते. पाठीवरची राहू दे, तेवढीच ऊब."

"पाणी बर्फासारखं आहे. गारठून मरतील त्या."

"काही मरतील, भावजी. पण या ओझ्यासकट एकही पलीकडे जायची नाही. हे ओझं त्यांनी मागितलं नव्हतं. धरा."

त्याने धरली. डावरीने आयुष्यात असं काम केलं नव्हतं. लोकर तुकड्यातुकड्याने पडत होती. दोनदा कातडीला कातर लागली, रक्त आलं, मेंढी ओरडली. इतर वेळी ती थांबली असती, जखमेला हळद लावली असती. आता तिने नुसतं "जा" म्हणून मेंढीला ढकललं. अंगठा आखडला तेव्हा तिने तो दातांनी ओढून सरळ केला. पाणी गवतातून सरकत आलं, तशी ती मेंढ्यांसह मागे सरकत गेली. जाऊ काठावरून हाका मारत होती, पण काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं.

"आता पुरे," दीर म्हणाला. "नाहीतर आपणही जाऊ."

"ही गाभण आहे. एवढीच."

गाभण मेंढी कातरून झाली. पण बऱ्याच तशाच राहिल्या. डावरीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

कळपात एक म्हातारी मेंढी होती, मघाशी कातर लागली होती तीच. ती जाईल तिकडे बाकीच्या जात. ती पाण्याला पाय लावेना. चारी खूर रोवून उभी राहिली. डावरीने तिला मागून मिठी मारून उचललं आणि सरळ पाण्यात टाकलं. दीर एका हाताने दोर आणि दुसऱ्याने तिची मान धरून निघाला. मग एकीमागून एक उड्या पडल्या. कातरलेल्या वर तरंगत होत्या. न कातरलेल्याही मागे निघाल्या, कारण मेंढीला थांबणं माहीत नसतं. त्यातल्या दोन-तीनच काठाला लागल्या. डावरी सगळ्यांच्या शेवटी दोराला लोंबकळत आली.

काठावर मेंढ्या थरथर कापत होत्या. जाऊने आजवर मेंढीला उंबरठा ओलांडू दिला नव्हता. घरात लेंडीचा वाससुद्धा खपायचा नाही. आज तिनेच दार सताड उघडलं. दोन खोल्यांत कळप दाटीवाटीने कोंबला, चूल पेटवली, अंथरुणं, चादरी, नवऱ्याचा लग्नातला कोट, सगळं त्यांच्या अंगावर टाकलं. "माझ्या गादीवर मुतलीस तर बघ," असं ती एकीला म्हणत होती आणि टॉवेलने तिचे कान पुसत होती.

दोन मेंढ्या गारठ्याने गेल्या. बाकीच्या वाचल्या. गाभण मेंढीला महिन्याभराने कोकरू झालं, किरकोळ, पण जगलं. दिराने बेटावर चारणं कायमचं सोडलं.

पुढच्या वर्षी कातरणीला डावरी अंगणात आली. तिच्या हातात कातर दिसताच म्हातारी मेंढी भिंतीला जाऊन भिडली आणि श्वास टाकत तिच्याकडे बघत राहिली. डावरी जवळ गेली तशी ती थरथरायला लागली. काखेतल्या उघड्या कातडीवर त्या दिवसाचे व्रण अजून दिसत होते.

"जनावर आहे, विसरेल," दीर म्हणाला.

"नाही विसरायची," डावरी म्हणाली. तिला राग आला नव्हता, पण कुठेतरी लागलं होतं. तिने कातर दिराच्या हातात दिली, स्वतः दाराआड उभी राहिली आणि तिथूनच सांगत गेली, "मान वळवा. हळू. आता काखेत. घाई नको, भावजी, आज कसलीच घाई नाही."