सुईबाई

मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच कुणी माझी बाजू घ्यायच्या फंदात पडणार नाही.

जिच्यावर मी जळते ती तोमोए. वय एकाहत्तर, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, आणि हे दोन महिने ती मला अजून ऐकवते. नागोयाजवळच्या इचिनोमियातल्या लोकरी कापडाच्या गिरणीत आम्ही दोघी एक्केचाळीस वर्षं एका टेबलाशी बसलो. काम रफूचं. मागावरून उतरलेला तागा खिडकीपाशी पसरायचा, त्यावरून बोटं फिरवायची, तुटलेला धागा, राहिलेली गाठ हुडकायची आणि सुईने असा धागा भरायचा की विणणाऱ्यालाही जागा सापडू नये. माझी नजर तिच्यापेक्षा तेज. हे मी म्हणत नाही, आमचा मुकादम म्हणायचा. तिने सोडलेल्या गाठी मी गुपचूप काढायचे आणि तिला कधी बोलून दाखवायचे नाही. फार तर आठवड्यातून एकदा.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही रोज सकाळी स्टेशनामागच्या कानामे-सानच्या कॉफीच्या दुकानात भेटू लागलो. अकरापर्यंत कॉफी घेतली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट, त्यामुळे आमच्या गावात सकाळी घरी चूल पेटवणाऱ्याला लोक चिक्कू म्हणत नाहीत, वेडा म्हणतात. तोमोए अंड्याचं साल एका तुकड्यात काढते. माझे दहा होतात. बघा, तिथपासून सुरुवात आहे.

तिने लग्न केलं नाही. आईला सांभाळत राहिली आणि आई गेल्यावर तिने दोन गोष्टी विकत घेतल्या: एक विटकरी रंगाची लिपस्टिक आणि एक भिंतभर टीव्ही. त्या टीव्हीवर ती ॲनिमे, म्हणजे चित्रांच्या मालिका, बघायला लागली. पोराटोरांचे नव्हेत. त्यातल्या बायका चाळिशीच्या, कुणी कोट बेतणारी, कुणी मोडलेल्या संसारातून शिलाई मशीन तेवढं घेऊन निघालेली. आणि पुरुष असे, की ‘मला तू आवडतेस’ एवढं म्हणायला त्यांना बारा भाग लागतात.

"अगं यासुए, काल «काज-बटण» संपवलं," एका सकाळी ती म्हणाली. "शेवटी तो तिच्या कोटाचं तुटलेलं बटण परत देतो. नऊ वर्षं खिशात ठेवलेलं! मी तर बाई रडले."

"कार्टून बघून?" मी मोठ्यांदा म्हटलं. "दुधाचे दात यायला लागले की काय तुला परत?"

सगळं दुकान हसलं. कानामे-सानसुद्धा हसला, आणि तो नवीन वर्षालाही हसत नाही. मला फार बरं वाटलं. त्या एका वाक्याने मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, हे नंतर कळलं.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक वही असते. कुणीही यावं, काहीही लिहावं, खाली टोपणनाव टाकावं. लोक त्यात मांजरं काढतात, पावसाला शिव्या देतात. मी हसल्यावर तोमोए माझ्याशी ॲनिमेबद्दल बोलायची थांबली आणि त्या वहीत लिहायला लागली. खाली स्वतःचं खरं नाव. लपवायचं काय, म्हणे.

"«दुसरी ट्रायल». तेरा भाग. नवराबायको वेगळे झालेत, पण शिंप्याचं दुकान एकच आहे, ते काही मधोमध फाडता येत नाही. ज्यांचं भांडण अजून जिवंत आहे त्यांनी जरूर बघावं. ज्यांचं थंड झालंय त्यांनी बघू नये, उगाच फोन कराल. ट्वीड झकास काढलंय."

अशी पानंच्या पानं. कुणीतरी त्यांचे फोटो काढून पसरवले, आणि रविवारी नागोयाहून बायका यायला लागल्या. चांगल्या कपड्यांतल्या, तिशी-पस्तिशीच्या, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्या. तोमोएसमोर डॉक्टरकडे बसावं तशा बसायच्या. ती आधी त्यांच्या स्कर्टची शिवण बघायची, मग थेट विचारायची, "लग्न झालंय, मोडलंय, की मोडायचंय?" उत्तर येईल तसं नाव लिहून द्यायची. एक बाई महिन्याने परत आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. दुसरीने सही मागितली. कानामे-सानने वहीला प्लास्टिकचं वेष्टण घातलं.

आणि मी? मी शेजारी बसून टोस्ट खात होते. एका रविवारी एक पोरगी मला म्हणाली, "काकू, जरा सरकता का तिकडे? फोटोत येताय तुम्ही."

सरकले. अंगाचा तिळपापड झाला, पण सरकले.

त्या दिवशी घरी येऊन मी पडदे ओढले आणि «दुसरी ट्रायल» लावलं. चुका काढायच्या म्हणूनच लावलं. तीन दुपारी बसून तेराच्या तेरा भाग पाहिले, आणि अकराव्या भागाला मला रडू आलं, हे आज पहिल्यांदा सांगतेय. पण चूकही सापडली. सहाव्या भागात त्याच्या कोटाचे चौकडे बाजूच्या शिवणीवर जुळत नाहीत. ‘झकास’ म्हणे! तिने गाठ सोडलीच होती, जन्मभराची खोड.

आता हे सांगायचं कुठे? तोंडाने सांगावं तर दुधाचे दात मलाच आले असते. तोमोए मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गुडघे शेकायला दवाखान्यात जाते. मंगळवारी मी एकटीच दुकानात गेले, वही ओढली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं: "सहावा भाग पुन्हा बघा. चौकडे जुळत नाहीत. जो शिंपी चौकडे जुळवत नाही तो बायको काय जुळवणार?" खाली नाव टाकलं, ‘नागोयाची सुई’. कानामे-सानने सगळं पाहिलं. त्याने माझ्या दुपारच्या विकतच्या टोस्टवर लाल घेवड्याचं गोड पुरण जरा जास्त लावलं.

दुसऱ्या दिवशी तोमोएने ते वाचलं. मी अंडं सोलत तिच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता हिच्या नाकाला मिरच्या झोंबणार. ती चक्क उजळली.

"यासुए, अगं बघ तरी! कुणीतरी नजर असलेलं माणूस भेटलं एकदाचं."

"एकदाचं म्हणजे?"

"म्हणजे एकदाचं. तुला नाही कळायचं ते."

तिने उत्तर लिहिलं: "सुईबाई, तुमचं बरोबर. मी चौकडे बघितलेच नाहीत, मी त्याचे डोळे बघत होते. तुम्ही «अस्तर» बघताय का? दर गुरुवारी नवा भाग येतो. तुमचं अक्षर थरथरतं, तब्येतीला जपा."

झालं. सुईबाई आणि तोमोए यांचं मेतकूट जमलं. मी «अस्तर» बघायला लागले. त्यातली कासुमी चव्वेचाळीस वर्षांची, कोट बेतते. जो आवडतो तो दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडायला निघालाय, आणि त्याच्यासाठी शेवटचा कोट हिनेच शिवायचाय. मी दर शुक्रवारी डाव्या हाताने लिहायचे: बाही कुठे चुकली, कासुमी कुठे खोटं बोलली, तो कॉफी न पिता का उठला. तोमोए उत्तरं द्यायची, आधी दोन ओळी, मग अर्धं पान, मग दोन पानं. गिरणीतल्या एक्केचाळीस वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. गिरणीत आम्ही बोलायचो ते कात्री कुठे आहे आणि डब्यात काय आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, महिनाभर. मग सकाळच्या कॉफीला ती म्हणायला लागली, "सुईबाई असं म्हणते." "सुईबाईला विचारायला हवं." एकदा मी न राहवून म्हटलं, "त्या कासुमीने त्याला सरळ विचारायला काय हरकत आहे?" तशी तोमोए माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तू अंडं खा." आणि त्याच दिवशी वहीत: "माझी एक मैत्रीण आहे, मनाने चांगली, पण या बाबतीत गाढवाला गुळाची चव काय!"

हे वाक्य मी शुक्रवारी एकटी बसून वाचलं. ज्या बाईला ते लिहिलं ती मी, आणि गाढवही मीच. आपलेच दात आपलेच ओठ. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसापासून मी सुईबाईवर जळायला लागले. तोमोएवर जळत होते त्याहून जास्त. ती कोण कुठली नागोयाची? एक्केचाळीस वर्षं हिच्या गाठी मी काढल्या, आणि कौतुक तिचं!

नोव्हेंबरात एक पान घडी घालून चिकटपट्टीने बंद केलेलं सापडलं. वर लिहिलं होतं, ‘फक्त सुईबाईंसाठी’. कानामे-सान पाठ फिरवून कप पुसत बसला. मी पट्टी काढली.

"तुम्ही विचारलं होतं, मी अशाच गोष्टी का बघते. मी तेहेतीस वर्षांची असताना रंगखात्यातल्या मोरिशिमाने मला मागणी घातली होती. आईला टाकून जाता येईना, म्हणून मी नाही म्हटलं. तो दोन महिने वाट बघून तोयामाला निघून गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही. शेजारी बसणारीलाही नाही. ती हसली असती."

मोरिशिमा मला आठवतो. त्याच्या नखांत नेहमी निळा रंग असायचा. ते वर्षही आठवतं. त्या वसंतात तोमोएने सगळ्यांत जास्त गाठी सोडल्या होत्या आणि मी मुकादमाला तसं सांगितलं होतं. मी हसले असते का? हो, हसले असते. मग चार दिवसांनी समजूत घातली असती. पण मला ते चार दिवस मिळाले नाहीत, आणि या सुईबाईला आयतं ताट मिळालं. मी पान परत चिकटवलं आणि त्या दिवशी काही न लिहिताच घरी आले.

डिसेंबरात «अस्तर»चा शेवटचा भाग नागोयातल्या थिएटरात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. तिकिटं सोडतीने. तोमोएला दोन लागली. सकाळी तिने ती टेबलावर ठेवून मला दाखवली. मी मनातल्या मनात कुठला कोट घालायचा तेही ठरवलं. तिने तिकिटं उचलून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "बघू, सुईबाई येते का."

शुक्रवारी वहीत रीतसर निमंत्रण होतं: थिएटरचं नाव, वेळ, आणि ‘मी तपकिरी कोटात असेन, तुम्हाला शिवणीवरून ओळखू येईलच’.

जाऊन उभी राहिले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी डाव्या हाताने लिहिलं: "सेंदाईला बहिणीकडे कायमची जातेय. येणं होणार नाही. तुम्ही मैत्रिणीला न्या." सुईबाईला मी मारलं.

दुसऱ्या सकाळी तोमोएने ते वाचलं आणि वही मिटली. अंडं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. पुढचे चार दिवस ती वहीला शिवली नाही. रविवारी बायका आल्या, त्यांना म्हणाली, "आज डोळे दुखतायत." मला जे हवं होतं ते मिळालं होतं. टेबलाशी ती आणि मी, मधे कुणी नाही. आणि आमच्याकडे बोलायला कात्री आणि डबाही उरला नव्हता.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "नागोयाला येतेस का? तिकीट वाया जायला नको."

असं बोलावणं आल्यावर मानी बाई गेली नसती. मी गेले.

थिएटर बायकांनी भरलेलं. सगळ्यांच्या मांडीवर रुमाल तयार. कासुमीने कोट पुरा केला, त्याला फलाटावर नेऊन घातला, कॉलर नीट केली आणि मागे न बघता निघाली. गाडी आली, वारा आला. चहूकडून हुंदके. तोमोए पुटपुटली, "सोडलं बाई तिने. असंच सोडायला हवं."

"सोडलेलं नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"वाऱ्याने कोट उडाला तेव्हा आत बघितलंस? राखाडी अस्तर ठरलं होतं. आत निळं आहे. चौथ्या भागातला तिचा स्कर्ट. तो फाडून लावलाय तिने. जन्मभर त्याच्या पाठीला राहणार ती, आणि त्याला कळणारसुद्धा नाही."

तोमोए माझ्याकडे वळली. पडद्यावर नावं सरकत होती आणि त्या उजेडात ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं तिने एक्केचाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तिने माझा हात धरला. मनात म्हटलं, ओळखलं हिने. ओळखू दे.

"हे सुईबाईचं बोलणं आहे," ती म्हणाली.

मी मांडीवरचा रुमाल उचलला.

"चोरून वाचायचीस ना गं वही? मला दुधाचे दात म्हणालीस आणि स्वतः चोरून वाचायचीस!" ती रडता रडता हसली. "असू दे. चांगलं झालं. निदान तिच्याकडून काहीतरी शिकलीस."

शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मग तिने विचारलं असतं, ते चिकटवलेलं पान कुणी उघडलं? मोरिशिमाचं कुणाला कळलं? शेजारी बसणारीला.

"हो," मी म्हटलं. "तिच्याकडूनच शिकले."

तोमोएने माझा हात थोपटला आणि डोळे टिपले. "तरी पण," ती म्हणाली, "ती असती तर याहून नेमकं सांगितलं असतं."