चहा नको, तक्रार द्या

दाराची बेल वाजवली की ताई दोन पावलं मागे सरकायच्या. दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखं वाटू नये म्हणून. मग हात मागे बांधून, मान किंचित कलती करून म्हणायच्या, "चहा नको. तक्रार असेल तर द्या."

आमच्याकडे हे मराठीत, बाकी सगळ्या इमारतीत जर्मनमध्ये. तुम्ही जर्मनीत राहिला असाल तर तुमच्याही लक्षात आलं असेल की इथल्या माणसाला मदत देऊ केली तर तो आक्रसतो, पण तक्रार मागितली तर बसायला खुर्ची देतो.

ताई मूळच्या इचलकरंजीच्या. भाऊजी येना शहरात भिंगांच्या कारखान्यात इंजिनियर, म्हणून त्या इकडे आल्या, इथलं शिक्षण घेतलं आणि आमच्या वस्तीतल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, शिक्षिका झाल्या. मी विद्यापीठात प्रकाशशास्त्रात संशोधन करत होतो आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. माझी मुलगी घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. ताईंना मात्र मराठीत. कारण विचारलं तर म्हणायची, ताईंना जर्मन येत नाही. दिवसभर त्यांच्याच वर्गात बसून तिचं हे मत कसं टिकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

येनाच्या कडेला टेकडीच्या उतारावर आमची वस्ती होती. लांबलचक काँक्रीटच्या इमारती, मधे एक मोठं हिरवळीचं मैदान. उन्हाळा सरत आला की टेकडीपलीकडची शेतं कापून मोकळी व्हायची, तिथे पेंढ्याच्या भल्यामोठ्या गुंडाळ्या पडलेल्या दिसायच्या, कुंपणाबाहेर आलुबुखारांचा सडा पडायचा आणि मैदानावर वस्तीचा मेळा भरायचा. सॉसेज भाजल्याचा धूर, आलुबुखारांच्या केकवर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या, नुकती आंबू लागलेली गढूळ वाइन, आणि वयस्कर मंडळींचा बँड, ज्यात ट्रम्पेटवाला नेहमी थोडा पुढे आणि ढोलवाला थोडा मागे.

ताईंचा या मेळ्यावर फार जीव होता. एकदा गणपतीचे मोदक वळता वळता त्यांनी कारण सांगितलं. "पहिल्या वर्षी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं रे. मेळ्यात एका बाईंनी न विचारता माझ्या बशीत केकचा तुकडा ठेवला आणि शेजारच्या बाकावर सरकून जागा केली. बोलल्या काहीच नाहीत. पण त्या दिवशी मी घरी पत्र्याच्या पेट्या उघडून सामान लावलं. तोपर्यंत लावलंच नव्हतं."

मग एका वर्षी आमच्या वस्तीच्या प्रमुखांनी तब्येतीमुळे पद सोडलं. शहराच्या प्रत्येक भागाला असा एक निवडून दिलेला प्रमुख असतो. त्या जागेसाठी एकच उमेदवार उभा होता, जाड मिशांचे एक निवृत्त काचकारागीर. माणूस सरळ. त्यांनी सरळच सांगून टाकलं, मेळ्यासाठी राबायला आता माणसं मिळत नाहीत, पुढच्या वर्षीपासून मेळा बंद.

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "मी उभी राहते."

भाऊजी मागेच होते. अगदी कमी बोलणारा माणूस. ते फक्त म्हणाले, "अगं, आपल्याला इथे सुखाने राहायचंय."

"अहो, त्यासाठीच उभी राहतेय."

ताईंकडे जर्मन नागरिकत्व होतं, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. अडचण हवेत होती. राज्यातलं राजकारण तेव्हा तापलेलं होतं. दिव्यांच्या खांबांवर लटकलेले काही प्रचारफलक आमच्यासारख्यांकडे पाहून बोलत होते, आणि जे बोलत होते ते गोड नव्हतं. मी ट्रॅमच्या थांब्यावर उभा राहताना मान खाली घालायला शिकलो होतो. ताई मात्र रोज किटा सुटल्यावर बाह्या कोपरापर्यंत सारून एकेका इमारतीत शिरायच्या.

तळमजल्यावर एक आजी राहायच्या. त्यांच्या दाराची साखळी आमच्यापैकी कुणासाठीही कधी निघाली नव्हती. ताईंनी बेल वाजवली, दोन पावलं मागे सरकल्या, तक्रार मागितली. साखळी निघाली. आजी तासभर बोलल्या. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "निम्म्या तक्रारी तुझ्याबद्दल आहेत. कुकरची शिट्टी रविवारी सकाळी होऊ देऊ नकोस. लेक पळते तिथे जाड सतरंजी टाक. उरलेल्या निम्म्या पायऱ्यांच्या कठड्याबद्दल आहेत, त्या मी बघते."

मी सतरंजी आणली. पुढच्या रविवारी आजींनी जिन्यात मला "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हटलं. माझ्या या देशातल्या कमाईत मी ते धरतो.

मेळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅमच्या थांब्याजवळ लावलेल्या ताईंच्या प्रचारफलकावर कुणीतरी काळा रंग फासला. चेहरा पुरता झाकला आणि खाली लिहिलं, घरी जा.

त्या संध्याकाळी भाऊजी पहिल्यांदा भरपूर बोलले. "पुरे झालं. उद्या मी फलक काढणार. तुला काही झालं तर मी या मेळ्याचं काय करू?" ताई ओट्याशी उभं राहून कोरडीच भांडी पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

सकाळी भाऊजी शिडी घेऊन निघाले, मी सोबत गेलो. थांब्यावर आधीच एक शिडी लावलेली होती. वर ते मिशाळ काचकारागीर उभे होते. हातात चिंधी, खांद्याला स्पिरिटची बाटली अडकवलेली, आणि ताईंचा अर्धा चेहरा पुसून झालेला.

आम्हाला पाहून ते ओशाळले. "काच असती तर लवकर निघालं असतं," ते म्हणाले. मग चिंधीवर पुन्हा स्पिरिट ओतत, "मला निवडणूक जिंकायची आहे. पण अशी नाही."

भाऊजींनी आपली शिडी खांबाला टेकवली, दुसऱ्या बाजूने वर चढले आणि खिशातला रुमाल काढला. दोघं बराच वेळ पुसत होते.  घरी आल्यावर भाऊजी ताईंना म्हणाले, "राहू दे फलक. आज तू बोल."

मेळ्यात दोन्ही उमेदवार बोलणार होते. आधी मिशाळ गृहस्थ बोलले, खर्चाचं, माणसांच्या तुटवड्याचं, सगळं खरं. मग ताई. इरकल नेसून, बँडच्या लाकडी मंचावर.  त्या बालवाडीत बोलतात तशा सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "माझ्या फलकावर कुणीतरी लिहिलं, घरी जा. मी गेले. दुसरा मजला, डावीकडचं दार. पण घरी कुणीच नव्हतं, सगळे इथे मेळ्यात होते. म्हणून परत आले."

क्षणभर फक्त गांधीलमाश्यांचा आवाज. मग मागून एक खणखणीत हसू आलं. तळमजल्यावरच्या आजी. त्या हसल्या तशी सगळी बाकं हसली, आणि ट्रम्पेटवाल्याने कुणी न सांगता एक तान मारली. ढोलवाला या खेपेला वेळेवर होता.

हसू ओसरल्यावर ताईंनी तक्रारी सांगायला सुरुवात केली. कठडा, थांब्यावरचं गळकं छप्पर, व्हीलचेअरला न जमणारा उंबरा. प्रत्येकाला आपली तक्रार ओळखू येत होती. शेवटी म्हणाल्या, "मेळ्यासाठी राबायला माणसं नाहीत म्हणतात. गेनाऊ, अगदी बरोबर. बोलावल्याशिवाय आम्ही बाहेरून आलेले कसे येणार? आता मीच तुम्हाला बोलावते."

पुढच्या रविवारी मतदान झालं. शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांसमोर मोजणी. मी बायको-मुलीसह भिंतीशी उभा होतो, भाऊजी मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. निकाल जाहीर झाला तेव्हा ताईंनी आधी कान पुढे केला, नीट ऐकू आलं नाही म्हणून. अधिकाऱ्याने पुन्हा सांगितलं. त्या जिंकल्या होत्या, आणि निसटत्या मतांनी नव्हे. मिशाळ गृहस्थांनी हात पुढे केला. "आता माझीही एक तक्रार घ्या," ते म्हणाले. "मला काम द्या."

मी त्या रात्री घरी जाताना मान वर करून चाललो. पाठोपाठ म्युनिकला नोकरी मिळाली आणि आम्ही येना सोडलं. आता म्युनिकमध्ये माझ्या दाराची बेल वाजवतो तो फक्त पार्सलवाला.

गेल्या उन्हाळ्याअखेर आम्ही गाडीने मुद्दाम गेलो. मैदान भरून वाहत होतं. सॉसेजच्या शेजारी साबुदाणावड्यांना रांग होती आणि रांगेला शिस्त लावत आजी उभ्या होत्या. मेळ्याचं उद्घाटन म्हणजे वस्तीच्या प्रमुखाने लाकडी हातोड्याने बियरच्या पिंपाला तोटी ठोकायची. आयुष्यात बियरचा थेंब न घेतलेल्या ताईंच्या हातात मिशाळ गृहस्थांनी हातोडा दिला. ताईंनी पदर खोचला आणि घाव घातला. तोटी अर्धवट बसली, फेसाचं कारंजं उडालं, ताई नखशिखान्त भिजल्या. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरा घाव असा घातला की पिंप गप्प झालं.

सगळं मैदान उभं राहिलं. त्या गदारोळात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. एरवी "अगं"च्या पुढे कधी न गेलेले भाऊजी बाकावर चढून, दोन्ही हात उंचावून, बायकोला भर मैदानात नावाने हाक मारत होते.