वेणीच्या विणीचे तक्ते

आमच्या विणकामाच्या वर्गात स्वेटर फारसे पूर्ण झाले नाहीत, किस्से मात्र पोत्यानं साठले. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. साताऱ्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर आम्ही बारा बायका जमायचो. शिकवायला प्रधानबाई. त्यांचा स्वतःच्या वहीवर गाढ विश्वास होता. तो फक्त त्यांचाच होता.

वहीत सगळं थोडक्यात. वेणीच्या विणीला लिहिलेलं, '३ सु. पुढे धरा.' म्हणजे तीन सुलट टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे. शोभाताईंनी बाजारातून तीन सुया आणल्या आणि पुढे धरून बसल्या! मी म्हटलं, बाई, चित्र काढून दिलं तर? झालं, काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी ते घेतलं हिराबाईसाठी. ती माण तालुक्यातली, हात भलताच चपळ, पण अक्षरओळख नाही. दहिवडीला निघणाऱ्या नव्या वर्गात तिला शिकवायची जागा हवी होती. त्यासाठी परीक्षेत नमुना वाचून विणायचा होता. प्रधानबाईंनी तिला परीक्षेआधीच नापास करून टाकलं होतं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

मग ग्राफ पेपर आणला. एक घर म्हणजे एक टाका. रिकामं घर सुलट, ठिपका उलट, तिरक्या रेघा म्हणजे वेणीचा पीळ. आमचे हे बांधकाम खात्यात. तक्ता निरखून म्हणाले, "बाथरूमची फरशी छान आहे, पण उतार कुठे दिलाय?"

तक्ता खालून वर वाचायचा, असं मी ठळक लिहिलं होतं. शिकलेल्या बायका सूचना कशाला वाचतील? शोभाताईंनी वरून सुरुवात केली. गळ्याशी मिटायची वेणी यजमानांच्या कमरेशी मिटली. ते तो स्वेटर दोन हिवाळे निमूट वापरत होते.

एकदा झेरॉक्सच्या काचेवर माशी घाण करून गेली. प्रत्येक कॉपीवर एक जादा ठिपका. दहा जणींनी त्या घरात इमानानं उलट टाका घातला. हिराबाईनं मात्र मला विचारलं, "ताई, ह्यो ठिपका तुमी काडलाय व्हय?" मी नाही म्हटल्यावर तिनं तो सोडून दिला.

परीक्षेला सांगलीहून एक बाई आल्या. आपला छापील तक्ता सगळ्यांना वाटला. प्रधानबाईंनी त्यांच्या कानाशी लागून हिराबाईची माहिती पुरवली. सुया चालू झाल्या. हिराबाई थोडं विणून थांबली, तक्त्यावरून बोट फिरवलं, आणि तिनं सुया खाली ठेवल्या.

परीक्षकबाईंनी विचारलं, अडलं का?

"आवं बाई, पाचव्या ओळीत चोवीस घरं हायती आन् सहाव्यात तेवीस. नुसता पीळ घातल्यानं टाका कमी व्हतोय का?"

परीक्षकबाईंनी घरं मोजली. चष्मा पुसून परत मोजली. आम्ही बाकीच्या अकरा जणी तोवर सहावी ओळ विणून पुढे गेलो होतो, प्रत्येकीनं कुठंतरी एक टाका गुपचूप गिळला होता. परीक्षकबाईंनी पेन काढलं आणि हिराबाईच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

प्रधानबाई घाईघाईनं पुढे झाल्या. "अहो, पण तिला वाचता येत नाही!"

"न्हाई येत, बाई," हिराबाई म्हणाली. "म्हणून तर मोजलं."