पिसांची वाकळ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मच्छरदाणीत बसून पिसं भरणं. सकाळची वेळ, पंखा बंद, खिडक्या बंद, दोघंही घामाघूम. ती वाकळीच्या दोन कापडांमधल्या गल्लीत हात घालून पिसं आत सारायची आणि मी गल्लीचं तोंड धरून बसायचो.

"अहो, सैल धरा. गळा आवळताय का त्याचा?"

शेवटची गल्ली भरली. तिनं तोंड शिवलं, दातानं दोरा तोडला, जेवली आणि म्हणाली, जरा पडते. दुपारी चहा करून मी उठवायला गेलो. ती उठली नाही.

डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. तिचं काम मात्र टाक्याटाक्यानं ध्यानात आहे, ते लिहितो.

आम्ही हैदराबादेत बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. मी लाकडाच्या अड्ड्यावर, म्हणजे वखारीत, ओंडके उचलण्यात जन्म काढला. एकच मुलगी, ती शिकली. तेव्हा शहरात कंप्युटरच्या कंपन्या नव्या नव्या निघत होत्या, तशा एकीत लागली. पगार आला तसे शौकही आले. सुट्टी मिळाली की डोंगर चढणाऱ्या मंडळींबरोबर थेट हिमालयाकडे. तिकडे जंगलातल्या उतारावर तंबूला सपाट जागा नसते, म्हणून दोन झाडांना कापडाची झोळी बांधून तिच्यात झोपायचं. धडधाकट माणसानं पाळण्यात झोपायचं! मला ते खूळ वाटायचं, अजून वाटतं.

पहिल्या वेळी पोरगी पाठ आखडून परत आली. थंडी वरून नाही, खालून लागते म्हणाली. अंगाखालचं पांघरूण वजनानं दबतं आणि दबलं की त्यात ऊब राहत नाही. मंडळींच्या म्होरक्यानं तिला सांगून टाकलं होतं, पुन्हा अशी गारठलीस तर वरच्या मुक्कामाला नेणार नाही. पोरीनं ते फार मनाला लावून घेतलं. ताटावर बसायची आणि न जेवताच उठायची.

तिच्या आईनं आयुष्यात बर्फ बघितला तो उसाच्या रसातला. पण तिनं नीट बसवून सगळं विचारून घेतलं. पोरगी म्हणाली, एका गोऱ्या माणसानं पिसांची दुलई झोळीच्या बाहेरून, खाली टांगली होती. अंगाचा भार झोळीवर, दुलई नुसती खालून चिकटून, म्हणून ती दबत नाही.

"इथं मिळत नाही गं आई ते."

"मिळत नाही म्हणजे शिवावं लागेल, एवढंच ना?"

त्या रविवारी आम्ही आबिड्सच्या बाजारात गेलो. फुटपाथवर परदेशातल्या जुन्या कपड्यांचे ढीग लागायचे, त्यात पिसांचे जाडजूड कोट तळाशी पडलेले. विकणारा हसला. "लेलेव अम्मा, ये हैदराबाद में कौन पहनता जी!" हिनं प्रत्येक कोट मुठीत दाबून सोडला. जो फुगून वर आला तो घेतला, जो चेपलेलाच राहिला तो त्याच्याच अंगावर टाकला.

पहिला कोट मी उसवला, तोही पंख्याखाली. पिसं कपाटावर, देवांवर, वरणात. शेजारीण दारात उभी. "क्या जी, घर में मुर्गी काटे क्या?" आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ही हसून हसून भिंतीला टेकली. तेव्हापासून उसवायचं आणि भरायचं काम मच्छरदाणीत. पिसं रिठ्याच्या पाण्यात धुतली, जुन्या उशीच्या खोळीत घालून गच्चीवर वाळवली, गठळ्या बोटांनी मोडल्या.

मग ती चुकली. आम्ही मूळचे बीदरकडचे, तिकडच्या बायका वाकळ शिवतात ती दाट टाक्यांची. जितके टाके दाट तितकी बाई हुशार. हिच्या वाकळी बघायला गल्लीतल्या बायका यायच्या. तिनं पिसांवरही तसेच टाके घातले, मुंगीच्या रांगेसारखे, देखणे. महिनाभर खपली.

पारखायचं कसं? मी वखारीच्या गाठी मारून झोळी बांधली, एक टोक खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला. बर्फाच्या लाद्या आणून खाली मांडल्या आणि मी वर झोपलो.

"कुठं लागतंय?"

"सगळीकडं. तुझा एकेक टाका पाठीवर मोजून देतो."

कोणी दुसरी असती तर माझ्यावर उखडली असती. तिनं खालून हात फिरवला, टाक्यापाशी पिसं मेल्यासारखी चेपली होती. मग ब्लेड घेतलं आणि तिथंच उसवायला सुरुवात केली. मी म्हटलं, अगं एवढं देखणं काम, राहू दे, दुसरं कर. ती म्हणाली, "देखणं काय करायचंय? पोरीची पाठ आहे."

दुसऱ्यांदा तिनं दोन कापडांच्या मध्ये बोटभर रुंदीच्या पट्ट्या उभ्या शिवल्या. त्यानं आत गल्ल्या पडल्या आणि वरचं कापड खालच्याला टेकेना. आधी तीनच गल्ल्या भरून तिनं मला पुन्हा लाद्यांवर टांगलं. मला झोप लागली. पोरगी कामावरून आली तेव्हा ही तिला सांगत होती, "बघ तुझे बाबा, बर्फावर घोरतायत."

चाळीस वर्षं मी त्या हातचं जेवलो. ते हात एवढे मोठे आहेत हे मला तेव्हा दिसलं.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी स्मशानातून परत आलो, तर पोरीनं शेजारच्यांच्या फोनवरून म्होरक्याला कळवून टाकलं होतं, मी येत नाही. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशीची गाडी होती. बातमी कळून आलेल्या माझ्या वहिनी तिला म्हणाल्या, बरं केलंस, वर्षभर असलं काही करायचं नसतं. ती वाकळ पलंगावर होती, तशीच फुगलेली. कोणी तिच्यावर बसू नये म्हणून मी ती कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी मलकपेठला गेलो, म्होरक्याच्या घरी. त्याची आई आत बोलवत होती. मी म्हटलं, सुतक आहे, फाटकाबाहेरूनच बोलतो. तो लुंगीवरच बाहेर आला.

"पोरीचं नाव खोडलंत?"

"अजून नाही. पण काका, ती स्वतःच म्हणाली..."

"ती काल म्हणाली. ती येणार आहे."

"वर थंडी फार असते काका. सोसेल तिला?"

"सोसेल. तिच्या आईनं ते बघितलंय."

घरी आलो तर वहिनी दारातच. सकाळी सकाळी कुठं गेला होतात? मी पाय धुतले, आत गेलो आणि पोरीला सांगितलं, नाव खोडलेलं नाही तुझं, जायचंय.